विहीणबाई बघायला आल्या

मला शब्द फोडायची खोड आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी शिकवते, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे आमचा हाच उद्योग चालतो. कार्डिओ म्हणजे हृदय, हिमो म्हणजे रक्त, न्यूमो म्हणजे फुप्फुस. शेवटी आयटिस लागलं की सूज, स्टेनोसिस लागलं की कुठंतरी वाट अरुंद झाली. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली आधी माझ्याकडे टकामका बघतात आणि दिवाळीपर्यंत "मॅडम, माझ्या आजीला डिस्प्निया हाय" असं ऐटीत सांगायला लागतात. मग मी त्यांच्यावर खेकसते. आजीला धाप लागते म्हण की, आजीसमोर इंग्रजी कशाला पाजळतेस? हे शहाणपण अर्थात दुसऱ्याच्या आजीपुरतं असतं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नेसरीजवळच्या खेड्यात दिलेली. ऊस, भात, दोन म्हशी, आणि आवाज असा की तिनं बांधावरून हाक मारली तर घरात चहाचं आधण चढावं. ही अक्का फोनवर बोलताना मध्येच थांबायला लागली. वाक्य अर्धं सोडणाऱ्यांतली ती नव्हे. काय होतंय विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय गं, जरा दम भरलाय. उकडतंय किती." बाहेर तर थंडी होती.

मग एकदा रात्री मी जेवायला बसले असताना तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, फोनवर सहज सांगितलं की हल्ली ती भिंतीला टेकून बसूनच झोपते, आडवं झालं की गुदमरतं म्हणते. दाजींना त्यात फारसं काही वाटलं नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र शब्द हजर झाला. ऑर्थोप्निया. ऑर्थो म्हणजे सरळ, प्निया म्हणजे श्वास. ताटावरून उठले, परत बसले, परत उठले. एका शब्दामागून दुसरा येत होता आणि पुढचा प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा वाईट होता. सगळं माहीत असणं ही एक शिक्षाच आहे. सकाळी दाजींना फोन करून सांगितलं, तिला आजच्या आज कोल्हापूरला आणा, म्हशी शेजारणीकडं सोपवा.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण बोलायला सरळ. अक्काच्या हृदयातली एक झडप आकसून दगडासारखी झाली होती. मायट्रल स्टेनोसिस. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता ते मला आठवलं. वडिलांनी निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, सांधे उतरले, आम्ही सगळे विसरून गेलो. त्या तापानं आपलं काम आत करून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, ही झडप दुरुस्त होण्यातली राहिलेली नाही, छाती उघडून नवी बसवावी लागेल, आणि फार थांबू नका. जाता जाता म्हणाल्या, "त्यांना नीट समजावून सांगा. त्यांची स्वतःची तयारी पाहिजे."

दादा, आमचा भाऊ, इचलकरंजीत मागावर कामाला आहे. तो शेजारीच उभा होता. डॉक्टर वळल्या तसा म्हणाला, "अक्काला ह्यातलं एक अक्षर बी कळता कामा नये. नाव ऐकूनच जाईल ती." दाजींनी मान हलवली. आमच्या घरात आजवर कुणालाच स्वतःचा आजार कळू दिलेला नाही. वडील गेले तेही ‘जरा अशक्तपणा आलाय’ म्हणतच गेले. मीही ठीक आहे म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बघू, असं मनाशी ठरवलं.

मग वॉर्डात आमचं इंग्रजी सुरू झालं. दादानं माझ्याकडून ‘स्टेनोसिस’ शिकून घेतला आणि तो शब्द त्याला असा काही आवडला की येताजाता वापरायला लागला. अक्काच्या उशाशी उभा राहून मला म्हणायचा, "स्टेनोसिस सिव्हिअर म्हणत्यात," आणि लगेच आवाज चढवून, "अक्का, च्या घेणार काय?" अक्का एकदा त्याच्या तोंडाकडे बघायची, एकदा माझ्या. तिला आम्ही सांगितलं होतं की छातीत कफ साठलाय, तो सुकवायला औषध चालू आहे.

एवढा बंदोबस्त केला आणि दार मात्र सताड उघडं ठेवलं. आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडलं की त्याला बघायला जायचं असतं. न जाणं म्हणजे जन्माचं वैर. गावाकडून जीप भरून माणसं येत होती. शहाळी, मोसंबी, बिस्किटाचे पुडे. खाटेभोवती उभं राहून प्रत्येक जण अगदी अशाच दुखण्यानं गेलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगणार. "त्येला बी असाच दम लागायचा. दुपारी जेवला, हसला, आन् गेला." मी एकेकाला दंडाला धरून बाहेर काढत होते. आत जायचं, बाहेर यायचं, जिन्यापर्यंत जायचं, परत आत. दादा मला म्हणाला, तू एका जागी बस, तुझ्याकडं बघूनच आम्हाला धाप लागाय लागली.

अक्का गोष्टी ऐकत नव्हती. ती माणसं बघत होती. शेजारीण आली, ठीक. डेअरीचे लोक आले, तेही ठीक. पण दादा आठवड्याच्या मधल्या वारी दिसला तेव्हा तिनं विचारलं, "आज सुट्टी न्हाय, मग तू हितं कसा?"

"वीज न्हाय गं, माग बंद हाईत."

दुसऱ्या दिवशीही तो वीज नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "इचलकरंजीचे दिवे कायमचेच गेलं म्हण की."

आणि मग शिरोळहून विहीणबाई आल्या. अक्काची लेक शिरोळात दिलीय. तिच्या मुलाच्या बारशाला अक्कानं हौसेनं शिसवी पाळणा करून नेला होता. विहीणबाईंनी तो माळ्यावर टाकला आणि स्वतःच्या माहेरचा बांधला. तेव्हापासून दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता. फोनवर लेकीशी बोलताना मागून सासूचा आवाज आला तरी अक्का फोन ठेवायची. त्या विहीणबाई आत आल्या, खाटेवर बसल्या, अक्काच्या कपाळावरून हात फिरवायला लागल्या. "विहीणबाई, चुकलंमाकलं पोटात घाला," म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावून रडल्या.

मी त्यांना अडवलं नाही. मला उलट बरंच वाटलं, चला, एक भांडण मिटलं.

त्या गेल्या आणि मी औषधं घेऊन परत आले, तर अक्कानं पिशवी भरून मांडीवर ठेवली होती. पायात चपला होत्या. म्हणाली, "मला घरला न्या." आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. अक्का म्हणाली, "मी हितं मरत न्हाय. मरायचं तर माझ्या घरच्या सोप्यात मरतो."

"कोण म्हणालं मरणार म्हणून?"

"कुणी म्हणाया कशाला पायजे? माझा पाळणा माळ्यावर टाकणारी बाई माझ्या पाया पडाय आली. माझं काय उरलंय आता? मला काय कळत न्हाय व्हय गं?"

तिला वाचवायचा रस्ता समोर होता आणि ती चपला घालून बसली होती, कारण आमच्या गप्प बसण्यातून तिनं दुखण्यापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी वाचलं होतं. या अवस्थेत गावाला गेली असती तर परत आली असती की नाही देव जाणे. बाहेर आले. दादा म्हणाला, झोपेचं इंजेक्शन देऊन न्यायचं आत, शुद्धीवर आल्यावर सांगू. मी त्याच्यावर अशी ओरडले की वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. "ती म्हस हाय काय रे? दावं लावून न्यायची?" दाजी खाली मान घालून मोसंबं सोलत राहिले.

मी आत जाऊन अक्काच्या शेजारी बसले. तोंड उघडलं आणि पहिला शब्द आला तो मायट्रल. तिथंच थांबले. मग म्हणाले, "अक्का, उसाला पाणी पाजताना दारं धरतीस न्हवं?"

"धरतो की. त्येचं काय?"

"दारं नीट उघडलं न्हाय तर?"

"पाणी मागं तुंबतंय." ती वैतागली होती.

"तुझ्या काळजात चार दारं हाईत. त्यातलं एक आकसलंय, लहानपणी सांधे सुजलं हुतं त्या तापानं. रक्त म्होरं सरकत न्हाय, मागं फुप्फुसात तुंबतंय. म्हणून आडवी झालीस की गुदमरतंय. कफबिफ काय न्हाय."

तिनं स्वतःच्या छातीवर तळहात ठेवला. मग म्हणाली, "मग त्ये दारं काढून दुसरं घालत्यात?"

"व्हय. छाती उघडून. धातूचं घालणार."

"मरतो का मी त्यात?"

दादा दारात येऊन उभा होता. त्यानं मला डोळ्यांनी दटावलं. मी त्याच्याकडे पाठ केली. "मरू शकतीस," मी म्हणाले, "पर बहुतेक बाया मरत न्हाईत, बऱ्या हून घरला जात्यात. न्हाय केलंस तर मातर तू आमाला लई दिवस दिसायची न्हाईस." आणि मला रडू फुटलं. वर्गात हेच शब्द मी वर्षानुवर्षं कोरड्या डोळ्यांनी फळ्यावर लिहिलेत.

अक्का रडली नाही. ती भडकली. "एवढंच हुतं तर सांगाय तोंड धरलं हुतं कुणी तुझं? मी हितं माझ्या तेराव्याचं जेवाण कुणाच्या हातात द्यायचं ह्येचा इचार करत बसलो हुतो!" पायातल्या चपला तिनं खाटेखाली ढकलल्या. जरा वेळानं म्हणाली, "दादा सारखं काय म्हणतोय त्ये? नाव काय त्येचं?"

मी सांगितलं. तिनं दोनदा घोळवून बघितलं. पुढं जो कोणी बघायला आला त्याला तिनं आधी चार दारं समजावून सांगितली, त्यामुळं कुणाला मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायची सवडच मिळाली नाही.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ मी कुठं कुठं चालले ते सांगता येणार नाही. ते झालं, बरं झालं. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला आता जन्मभर घ्यायची आहे, मधूनमधून गडहिंग्लजला जाऊन रक्त तपासून यायचं आहे. अवेळी तिचा फोन आला की अजून मी शब्द फोडायला लागते. ती मात्र पाऊसपाण्याबद्दल बोलत असते. धातूच्या झडपेचा आवाज येतो. खोली शांत असली आणि तिच्या जवळ बसलं की स्पष्ट कळतो, टिक टिक. नातवाला तिनं सांगून ठेवलंय की आजीनं घड्याळ गिळलंय.

अक्का बरी होऊन घरी गेली तरी दोघींचं येणंजाणं काही सुरू झालं नव्हतं, आणि या हिवाळ्यात विहीणबाई कोल्हापूरच्या दवाखान्यात पडल्या. अक्का म्हणाली, मी बघायला जातो. मी नको म्हणाले, तिथं इन्फेक्शन असतं, तुझ्या झडपेला परवडणार नाही. तिनं ऐकलं नाही. निदान मास्क लावायला लावला.

आम्ही आत शिरलो आणि अक्काला बघताच विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत त्या उठून बसायला लागल्या. "विहीणबाई, तुम्ही आलासा? म्हंजे... मला काय झालंय? खरं सांगा." त्यांचा मुलगा, अक्काचा जावई, मागून आम्हाला हातानं खुणा करत होता. त्यांना नुसता ताप म्हणून सांगितलेलं दिसत होतं. मी सवयीनं हसून काहीतरी बोलायला गेले.

"न्युमोनिया हाय," अक्का म्हणाली. "फुप्फुसाला सूज आलीया. औषध लागू पडाय लागलंय, चार दिवसांत नळी काढणार हाईत. खालीच डाक्टरला इचारून आलो मी."

"खोटं न्हाय न्हवं?"

अक्का खाटेवर बसली. तिनं विहीणबाईंचं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्या छातीला लावलं. "हितं कान लावा."

विहीणबाई ऐकत राहिल्या. त्यांचं रडू हळूहळू थांबलं. "टिकटिक करतंय की वो," म्हणाल्या.

"करणारच. मला बी सगळी मेलीच म्हणत हुती." अक्कानं त्यांचं डोकं सोडलं नाही. "बऱ्या व्हा, घरला जावा आन् त्यो पाळणा माळ्यावरनं खाली काढा. पोरीला दुसऱ्यांदा दिवस गेल्यात."