उत्तमरावांची बालीतली खुर्ची

बालीला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी उत्तमरावांनी हॉटेलजवळच्या दुकानातून प्लास्टिकची एक निळी खुर्ची विकत घेतली. मग आठवडाभर ती आमच्याबरोबर गाडीतून फिरली. देवळांच्या पायऱ्यांपर्यंत आली, भाताच्या खाचरांत शिरली, समुद्रावर तर आमच्याआधी उतरली. तिला जागा व्हावी म्हणून मी आणि शकुन पाय पोटाशी घेऊन बसत होतो.

उत्तमराव आमचे अमरावतीतले शेजारी. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मी शाळेत शिकवत होते तोवर दर वर्षी दहावीच्या वर्गाचा फोटो तेच काढायचे. मुख्याध्यापक मधल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना आम्ही शिक्षक, मुलं मागे बाकांवर. एखाद्याची गुंडी उघडी दिसली की कॅमेरा सोडून यायचे, स्वतः लावून द्यायचे, परत जायचे. तोवर दुसरा कोणी हसलेला असायचा. माझा गणिताचा तास त्यात जायचा आणि मी चिडायचे. पण फोटो आला की एकाचाही डोळा मिटलेला नसे.

खुर्चीबद्दल मात्र त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. “वडीलधारं मानूस उभं ठेवलं तं तो वरातीचा फोटो झाला, बाई,” ते म्हणायचे. “बसवलं का मंग तो त्या मानसाचा फोटो होते.”

या आग्रहामागे त्यांच्या वडिलांचा, नत्थुजींचा फोटो होता. नत्थुजी गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो निघाला नाही. मुलगा गावभराचे फोटो काढतो आणि बापाचा फोटो नाही. शेवटी कुठल्याशा लग्नातल्या रांगेत नत्थुजी उभे सापडले. उत्तमरावांनी तेवढा चेहरा कापून मोठा केला. पण शेजारच्या माणसाचा हात नत्थुजींच्या खांद्यावर होता, त्याची बोटं काही निघाली नाहीत. आजही भिंतीवर तो फोटो आहे. उत्तमराव हार असा घालतात की बोटं झाकली जातात. संध्याकाळी हार सुकून सरकतो आणि बोटं पुन्हा दिसू लागतात.

आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. आई म्हणजे मैनाबाई. भातकुलीकडे त्यांचं फुलांचं शेत. झेंडू आणि शेवंती लावायची, हार करायचे आणि अमरावतीच्या बाजारात विकायचे, यात त्यांचा जन्म गेला. फोटो लेकाकडून काढा आणि हार मायकडून घ्या, अशी मोहल्ल्यात थट्टा चालायची. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही.

अमरावतीत त्या कॅमेऱ्यासमोर बसत नव्हत्या. म्हणून उत्तमरावांच्या लेकीने, रश्मीने, पुण्याहून आईवडिलांची आणि आजीची बालीची तिकिटं काढली, तेव्हा उत्तमरावांना वाटलं, परमुलखात माय ऐकेल. शकुनला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, असं काही वाटलं नाही. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाई, तुमी चाला सोबत. मी एकटी या दोघायच्या मधात पागल होऊन जाईन.”

तसंच होत गेलं. समुद्राची वाळू तिथे काळी होती. उत्तमरावांनी खुर्ची मांडली, चार पावलं मागे गेले, पुन्हा येऊन सरकवली. मग उजेड पाहायला शकुनला बसवलं. मान वर, मान खाली, पदर नीट. सगळं जमल्यावर शकुनला उठवलं आणि हाक मारली, “माय, ये.”

मैनाबाई तोवर एका होडीच्या सावलीत जाऊन बसल्या होत्या. “मले ऊन लागते.”

देवळापाशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाचरांपाशी गुडघा धरला. प्रत्येक ठिकाणी खुर्ची उतरायची, शकुन बसायची, उठायची, खुर्ची पुन्हा गाडीत चढायची. गाडीवाल्या वायनला इतकी सवय झाली की थांबलो की आधी खुर्ची काढून पुसून ठेवायचा.

रात्री रश्मीला फोटो गेले. तिचा फोन आला. “आई, तू सगळीकडे रागावून खुर्चीवर का बसली आहेस?”

“तुह्या बापाले इचार,” शकुन म्हणाली आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

आम्ही गेलो होतो बेट पाहायला. मी पाहिलं ते बहुतेक उत्तमरावांच्या पाठीमागून. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, “अहो, चालताबोलताना काढा त्यांचा. कळणारही नाही.”

ते दुखावले. “चोरून काढलेला फोटो भिंतीवर लावू का, बाई?”

मैनाबाईंनी हे ऐकलं. त्या नारळपाणी पीत होत्या. नळी बाजूला करून म्हणाल्या, “उत्तम्या, भिंतीसाठीच काढून राहिला ना? मले काय समजत नाई? जिंदगीभर हार इकले म्या. कोन हौसेनं फोटो काढते आन कोन हारासाठी काढते, मले दुरून समजते.”

“माय, एकच फोटो. मंग खुर्ची फेकून देतो.”

“फेकू नको. तुले लागन.”

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही बातूर नावाच्या ज्वालामुखीच्या बाजूला गेलो. समोर डोंगर, त्याच्या अंगावरून कधीकाळी वाहून आलेला दगड काळाकुट्ट थिजलेला, खाली तळं. उत्तमरावांना मायच्या मागे डोंगर हवा होता. डोंगरावर ढग बसला होता. ते रस्त्याच्या कडेला खुर्ची मांडून ढग हटायची वाट पाहत राहिले, शकुन खुर्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मैनाबाई दिसेनाशा झाल्या.

मी उतारावर खाली पाहिलं. काळ्या जमिनीत झेंडूचं शेत होतं, आणि मैनाबाई एका सरीतून चालल्या होत्या. तिथे एक म्हातारी टोपलीत फुलं खुडत होती. बालीत रोज सकाळी दारोदार देवासाठी फुलं ठेवतात, त्यांत झेंडू असतोच. पहिल्या दिवसापासून मैनाबाईंचा जीव कासावीस होत होता की एवढा माल जमिनीवर मांडतात आणि माणसं ओलांडून जातात.

आम्ही पोचलो तेव्हा दोघींचं बोलणं रंगात आलं होतं. एक वऱ्हाडीत बोलत होती, दुसरी तिच्या भाषेत. मैनाबाई फूल उलटं करून देठ दाबून दाखवत होत्या. म्हातारीने मान हलवली आणि दुसरं फूल तोडून त्यांच्या हातावर ठेवलं. मैनाबाईंनी ते तोललं. “वजन हाये मालाले,” त्या मला म्हणाल्या. मग वर रस्त्याकडे तोंड करून हाक दिली, “उत्तम्या, खुर्ची आन.”

उत्तमराव खुर्ची डोक्यावर घेऊन धावत उतरले. वयाला न शोभेल इतके धावले. डोंगर बरोबर मधे येईल अशी खुर्ची मांडली, सरीत गुडघे टेकून तिचे पाय पक्के केले. मैनाबाईंनी पदराने खुर्ची पुसली, म्हातारीचा हात धरला आणि तिला खुर्चीवर बसवलं. स्वतः बाजूला उभ्या राहिल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“माय, तू बस ना. थे बाई राहीन उभी.”

“तिचं वावर हाये. थे बसन. वयानं बी मोठी हाये.”

वायनने विचारून सांगितलं, म्हातारी मैनाबाईंपेक्षा बरीच लहान होती.

“दिसते तं मोठी,” मैनाबाई म्हणाल्या. “काढतो का जाऊ?”

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? त्यांनी फोटो काढला. ढग डोंगरावर तसाच होता. “आता माय एकटी,” असं म्हणेपर्यंत माय अर्धा उतार चढून गेली होती. खुर्ची तिने म्हातारीलाच देऊन टाकली होती.

अमरावतीत आल्यावर एक दिवस त्यांनी मला स्टुडिओत बोलावलं. पडद्यावर तो फोटो होता. इतकी वर्षं मी त्यांचे फोटो पाहते आहे, पण असा पाहिला नव्हता. मैनाबाई सरळ समोर पाहत होत्या आणि हसू दाबत होत्या.

“बाई, इथून कापला तं?” त्यांनी रेघ दाखवली. रेघ मैनाबाईंच्या कोपरावरून जात होती.

मी काही बोलण्याआधी मागून आवाज आला. मैनाबाई दाराशी सुई-दोरा घेऊन नत्थुजींचा हार ओवत बसल्या होत्या. “काप. तुह्या बापाच्या खांद्यावर कोनाचा हात हाये, लोक इचारतात. आता माहा हात कुठी गेला, थे बी इचारतीन.”

उत्तमरावांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, “ठीक हाये. पुराच लावतो. टाइम आला तं हार मोठा करू.”

“कसा करशीन? थे बाई जिती हाये ना. जित्या मानसाच्या फोटोले हार घालत नाईत.”

आतून शकुन हसली. बालीला गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

फोटो आता नत्थुजींच्या शेजारी आहे. त्याच्या चौकटीच्या वर उत्तमरावांनी सवयीने हाराचा खिळा ठोकला, तो रिकामाच आहे. सणावाराला ते वायनला फोनवर निरोप पाठवतात आणि त्या म्हातारीची खुशाली विचारतात. उत्तर आलं की दारातून मैनाबाई विचारतात, “काय म्हनते?”

“बरी हाये म्हनते. खुर्चीवर बसून फुलं निवडते म्हनते.”

“मंग राहू दे खिळा रिकामाच,” मैनाबाई म्हणतात आणि पुढचं फूल सुईत घेतात.