एक पडला की पापड
पापड गॅसवर धरला आणि कडा वळून त्याचा खरपूस वास सुटला, की मला उल्हासनगरचा तो हॉल आठवतो. रविवारी दुपारी कॉलेजातल्या एका सिंधी मित्राकडे आम्ही तिघं खेळायला जमायचो. तो ड्रॅगनची गोष्ट सांगायचा, आम्ही त्यातले योद्धे व्हायचो आणि घाव लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. वीस पडले तर विजय, एक पडला तर पार वाट. एकदा एक पडल्यावर आमच्यातला एकजण इतका बोंबलला, की मित्राची आई पापडांचं ताट घेऊनच बाहेर आली. "हारा कौन? पहले वो खाएगा." तेव्हापासून तो नियमच झाला. मग काय, लढायची पडलीये कोणाला! शेवटच्या लढाईत ड्रॅगननं माझे दोन्ही साथीदार गिळले आणि ते मेलेले योद्धे समोर बसून कुरुमकुरुम पापड खात होते. फासा माझ्या हातात होता. मी डोळे मिटून मनापासून एक मागितला आणि पडले वीस. ड्रॅगन खलास, मेलेले उठून नाचायला लागले, माझी बशी रिकामीच. "क्या हुआ पुट, हार गया?" आंटींनी स्वतःच्या मुलाला विचारावं तसं विचारलं. "नहीं आंटी, जीत गया," मी रडवेल्या आवाजात म्हणालो. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि ताटातला सगळ्यात मोठा पापड माझ्या हातात दिला. परवा बदलापूरच्या घरी लेकीनं मान खाली घालून गणिताचा पेपर पुढे केला. वीसपैकी एक. मी उठून गॅस पेटवला.