अकराशे वीस जीपांचा वेग

गाडी सुरू करण्याआधी आमचे जीपवाले स्पीडच्या काट्याच्या काचेवर दोनदा टिचकी मारायचे. काटा शून्यावर झोपलेला असायचा, तो काही उठायचा नाही. "नसू दे, पायाला कळतं," म्हणत ते गाडी काढायचे. तीही भरल्याशिवाय नाही. शेअर जीप भरली म्हणजे काय, हे जव्हार-मोखाडा रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको. आपल्याला भरलेली वाटते तेव्हा तिच्यात अजून चार माणसं बसायची असतात.

आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. मी जव्हारला राहायची आणि मोखाड्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. पुढची खिडकीकडची जागा दादा माझ्यासाठी धरून ठेवत. कोणी बसायला आलंच तर सांगत, "तिथं मॅडम बसतात. त्यांना पेपर तपासायचे असतात." खरंच मी त्या हलत्या गाडीत पेपर तपासायची. माझ्या लाल रेघा इतक्या वाकड्या का, हे मुलांना कधीच कळलं नाही.

एकदा दादांनी विचारलं, "मॅडम, पृथ्वी सोडून जायला वेग किती लागतो?"

"मुक्तिवेग? अकरा पॉइंट दोन," मी मान वर न करता म्हणाले.

"बस? माझी गाडी चाळीसनं जाते. मंग मी इथं काय करतो?"

मी खळखळून हसले. दादा हसले नाहीत.

"माझ्या पोरीनं पण तेच लिहलं. विमान नवशेनं जातं, तं ते पृथ्वी सोडून जाईल. तिचं उत्तर तुम्ही वर्गात वाचून दाखवलं. सगळी हसली. ती घरी आलीय, साखरशेतला. बोलते, सायन्स सोडते."

मी पेनाला टोपण लावलं. ती मुलगी होस्टेलला राहायची; ती दादांची आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर वाचलं नसतं, असं मनात आलं आणि त्याचीच जास्त लाज वाटली. म्हणजे दुसऱ्या कोणाची असती तर चाललं असतं की काय? शिवाय आत्ता मीही एकक न सांगता नुसता आकडाच फेकला होता.

"मी घरी येते, तिच्याशी बोलते," मी म्हणाले.

"नको. तुम्हाला बघून ती रानात पळंल. मला शिकवा. मी सांगतो तिला."

मग शिकवणी जीपमध्येच सुरू झाली. ते अकरा पॉइंट दोन किलोमीटर एका सेकंदाचे आणि तुमचे चाळीस किलोमीटर एका तासाचे, असं मी सांगितलं. दादांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. "माझी गाडी सेकंदात किती जाते ते दाखवा," ते म्हणाले. काटा तर बंद. म्हणून किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मोजायचं ठरलं. शंभर सेकंद लागले तर सेकंदाला दहा मीटर, म्हणजेच ताशी छत्तीस किलोमीटर. मी मोबाइल धरून बसले आणि मागची मंडळी मोठ्याने आकडे म्हणू लागली. पहिल्या दिवशी त्र्याऐंशीवर एक आजी म्हणाल्या, "थांबव रं, माझा पाडा आला." दुसऱ्या दिवशी म्हशी आडव्या आल्या. तिसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या बायकांनी आजींना मोजणी सुरू होण्याआधीच उतरवून टाकलं, आणि बरोबर शंभरावर दगड आला. दादांनी गाडी बाजूला घेऊन माझ्याकडे कागद-पेन मागितलं.

"म्हंजे माझी सेकंदाला दहा मीटर. विमानाची अडीचशे. आन् तिथं लागतात अकरा हजार दोनशे." बराच वेळ आकडे खोडून ते म्हणाले, "माझ्या गाडीच्या अकराशे वीस पट. विमानाला पण लय बाकी हाय."

त्या रविवारी त्यांनी मुलीला पुढच्या सीटवर बसवून तेच दगड पुन्हा मोजले. सोमवारी ती वर्गात होती. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि जीपमध्ये मी स्वतः दिलेलं अर्धवट उत्तरही सांगून टाकलं. वर्ग माझ्यावर हसला. तीही हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

बारावीनंतर तिला पुण्याला बीएस्सीला प्रवेश मिळाला. दादा तिची पेटी घेऊन सोडायला गेले आणि दोन दिवसांनी पुन्हा स्टँडवर हजर झाले. त्या सकाळी जीप नेहमीसारखीच भरलेली होती. अर्धा रस्ता सरला. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या वेगानं सुटलेलं माघारी येतच नाय का?"

खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

"नाही, दादा. येत नाही."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. खांद्यावरच्या रुमालाने एकदा तोंड पुसलं.

"बरं हाय," ते म्हणाले, आणि चढ आला म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.