एवढा मोठा घास

"थांबा, सगळ्यांनी इकडे बघा," मॅडम म्हणाल्या आणि मोबाइलच्या पडद्यावर माझा चेहरा मोठा झाला. तोंड भरलेलं. गाल फुगलेला. "एवढा मोठा घास. ही भूक नाही हं, हा विकार. लक्षणं अशी ओळखायची."

जळगावच्या हॉस्टेलचा हॉल. आम्ही साठ मुली, प्रत्येकीपुढे मेसचं ताट आणि उभा केलेला फोन. खाण्याच्या विकारांपासून वाचवायचा ऑनलाइन कार्यक्रम होता, कॉलेजने सक्तीचा केलेला. दर शनिवारी. मॅडम पुण्याहून बोलायच्या. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर एक घास खाऊन दाखवायचा होता. मी भाकरी वरणात कुस्करली, पाची बोटांनी उचलली, खाल्ली. घरी खाते तशी.

चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, 'जेसीबी'. खाली हसणारी तोंडं, रांगेने. मॅडमही हसल्या. "अगं, असं नाही म्हणायचं," हे हसत हसतच म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातलं गिळताही येईना, थुंकताही येईना.

माझ्या घासाचं कारण साधं आहे. अमळनेरकडच्या आमच्या गावात माय दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते. बांधावर जेवायला बसलं की मुकादमाने हाक मारायच्या आत भाकर पोटात गेली पाहिजे. सुट्टीत मीही जायचे. चिमणीएवढे घास घेणारी बाई तिथे अर्धपोटी उठते. मॅडमच्या प्रश्नावलीत आरसा होता, रीलमधल्या बारीक मुली होत्या, आई टोमणे मारते का हेही होतं. मुकादम नव्हता.

त्यानंतर मी मेसमध्ये सगळ्यात शेवटी जाऊ लागले. मग एकच वेळ. मग नुसतं ताक. भूक लागायची आणि भुकेचीच लाज वाटायची. केस गळाले, पाळी थांबली. जेसीबी हे नाव तेवढं चिकटून राहिलं. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

गावी गेले तेव्हा मायने एकाच ताटात दोघींचं वाढलं. जेवताना माझ्याकडे बघत राहिली.

"काय व्हयनं तुले? चिडीमायक काय खाई राहिनी?"

"हॉस्टेलात असंच चिमणीसारखं खातात," मी म्हटलं.

तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि पुढचा घास लहान केला. माझ्यासमोर. जन्मभर राबलेली माझी माय माझ्यापुढे लाजली. इतक्या दिवसांत तेव्हा पहिल्यांदा मला राग आला.

शेवटच्या शनिवारी मॅडमनी पुन्हा माझा चेहरा मोठा केला. "हिच्यातला बदल बघा. किती सावकाश खाते आता. पुढच्या माहितीपत्रकावर हिचाच फोटो टाकू."

मी माइक सुरू केला. "मॅडम, मी आजारी नव्हते. तुम्ही हसलात त्या दिवसापासून आहे."

"आपण हे नंतर वेगळं बोलू या का?"

"नाही. हसलात सगळ्यांसमोर. बोलायचंही सगळ्यांसमोर."

त्यांनी मला म्यूट केलं. मी फोन पालथा ठेवला, उभी राहिले आणि उरलेलं हॉलला तोंडाने सांगितलं. कापसापासून पाळीपर्यंत. चॅटमध्ये कुणी काही लिहिलं का, ते मी बघितलं नाही.

आता पंधरा दिवसांनी एकदा धुळ्याला सरकारी दवाखान्यात जाते. हा आजार खरा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. जेवण अजून नीट जात नाही. कधी जाईल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

प्रमाणपत्र मी घेतलं नाही. पुढच्या वर्षी नव्या मुली येतील, कार्यक्रम पुन्हा लागेल. दर शनिवारी मी त्या हॉलच्या दारात उभी असणार. फोन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीला विचारणार, तुझ्या ताटाकडे बघून कोण हसलं? ती जे नाव सांगेल ते तिथेच मोठ्याने घेणार. मॅडमचं असलं तरी. परवानगी मागणार नाही.