सुरीला पाय

गिरणीत दशरथ चार माग एकटा सांभाळायचा, आणि हे तो समोरच्याने विचारायच्या आत सांगायचा. संपात गिरणी बसली ती बसलीच, आणि चाळिशीतला हा नामांकित कारागीर अंधेरीच्या बाजारात दादू खाटकाकडे मटण तोडायला बसला. अर्ध्या किलोला पाव तास! "मास्तर, मटण देताय की नक्षी काढताय?" गिऱ्हाइकं विचारत, आणि दशरथ कलावंतासारखा मान खाली घाली.

दादू पाटावर बसून सुरी पायाच्या बोटांत उभी धरायचा आणि दोन्ही हातांनी मटण तिच्यावर ओढायचा. बघता बघता तुकडे. "असा बस रे," तो रोज सांगे. पण दशरथ पडला दर दसऱ्याला मागाला हळदकुंकू वाहणारा. हत्याराला पाय? छे! त्याने सुरी हातातच धरली. दोन बोटं कापली, पण तत्त्व शाबूत राहिलं.

शेवटी दादू वैतागला. "गटारीला रांग कोपऱ्यापर्यंत जाते. तोवर हात चालला तर राहा, नाहीतर दुसरं काम बघ."

दशरथची तंतरली. दीड वर्ष तो घरी बसून जानकीच्या शिवणकामावर जेवला होता. ते दिवस त्याला परत नको होते. त्याने बायकोला आपलं धर्मसंकट गंभीरपणे ऐकवलं. सुरण चिरता चिरता ती हसत सुटली. "अवो, ह्या विळयेर मी रोज पाय देवन बसतंय. वीस वर्सां गुमान जेवतात, तेव्हा पाप खंय होतां?"

चार माग सांभाळणाऱ्या डोळ्यांना वीस वर्षांत घरातला हा पाय दिसला नव्हता! त्या दिवसापासून घरची भाजी दशरथ चिरू लागला. "विळी गप ऱ्हवांदे, सुरण हलवा," जानकी बजावायची.

गटारीला त्याने सुरीची मनातल्या मनात माफी मागितली आणि ती पायात धरली. पहिली दहा गिऱ्हाइकं अडखळत गेली, मग हात बसला. दुपारपर्यंत रांग संपली आणि नक्षीचं नाव कुणी काढलं नाही.

फरशी धुताना दशरथची छाती फुगली होती. तेवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला. आता श्रावण! महिनाभर मटणाला कोण येतंय? नेमका आजच हात बसायचा होता. आता दादू 'गणपतीनंतर बघू' म्हणणार, हे त्याने गृहीतच धरलं. गिरणीने तर तेवढंही म्हटलं नव्हतं.

दादूने फळी लावली. "उद्या आरामात आलास तरी चालेल. गिऱ्हाईक नसतं. पण ये. एकट्याला दिवस जात नाही."

दशरथला रडू फुटलं. त्याने धुतलेली फरशी पुन्हा धुवायला घेतली.