ट्रे बाहेर येणार नाही

आमच्या शाळेच्या संगणकात लिनक्स होतं. सीडी घातली की पडद्यावर त्या डिस्कचं चित्र येई; त्यावर राइट क्लिक केलं की दोन पर्याय येत: अनमाउंट आणि इजेक्ट. अनमाउंट केलं की डिस्क पडद्यावरून नाहीशी होई, यंत्रात मात्र तशीच राही. इजेक्ट केलं की ट्रे बाहेर येई. एकदा तो तपासणीला आलेल्या साहेबांसमोर बाहेर आला आणि सत्काराचा नारळ टेबलावरून खाली गेला. तेव्हापासून मुख्याध्यापकांनी समारंभात इजेक्टला बंदी घातली. लिनक्सला शिस्त लावणारे श्रीरामपूर तालुक्यात ते पहिलेच असावेत.

शिपाईमामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी निरोप समारंभात लावायला मुलीच्या लग्नाची डिस्क आणली. बायको वारलेली. तिचा आवाज उरला होता तो फक्त त्या डिस्कवर, व्हिडिओवाल्याला दरडावणारा: "माझं काय काढतो रं? जा, जेवून घे आधी!"

सभागृह हसलं. मामा रडले. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, कारण त्यांचं भाषण राहिलं होतं.

"काढा ती आता."

संगणकाच्या मॅडमनी नियमाप्रमाणे अनमाउंट केलं. पडदा स्वच्छ झाला आणि त्यागावर भाषण सुरू झालं. जेवणं झाल्यावर, नव्या लॅबला जागा हवी म्हणून, जुने संगणक भंगाराच्या टेम्पोत चढले. चढवले मामांनीच. सत्काराची शाल अजून खांद्यावर होती.

टेम्पो गेल्यावर ते ऑफिसात आले. "सर, माझी डिस्क?"

"काढली की सगळ्यांसमोर. नंतर पडद्यावर दिसली का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

दोन-चार दिवसांनी मी मामांना स्कूटरवर बसवून भंगारवाल्याकडे नेलं. यंत्रं फोडून झाली होती.

"डिस्का व्हय? डाळिंबवाल्यांनी नेल्या. पाखरं हाकलायला."

हे मुख्याध्यापकांना सांगितलं, तर ते मनापासून हसले. "म्हणजे कामालाच आली की हो, मामा!"

मामांनी डिस्कवर मार्करनं 'लगीन' लिहिलं होतं. आता ते रस्त्यानं जाताना दिसेल त्या बागेशी थांबतात. तारेवर डिस्का उन्हात गरगरत असतात. मामा कुंपणाला धरून मान वर करतात, एकेक न्याहाळतात.

"ओ म्हातारबा!" आतून कुणीतरी ओरडतं. "काय चोरायला आलाय? व्हा पुढं!"