डावा हात ऐकणारी आत्या

आत्या बहिरी झाली होती असं आजही कुणी म्हणालं, की माझं डोकं फिरतं. अहो, ती बाई भिंतीपलीकडून सांगायची, "तुझी डाळ खाली लागली बघ, आवाज बदलला तिचा." मी धावत जायची, तर खरंच लागलेली असायची. आणि म्हणे बहिरी.

आमच्या कॉलनीत ती सगळ्यांचीच आत्या. राहायची अशोककडे, म्हणजे भाच्याकडे. सकाळी बालवाडीत पोरं सांभाळायची, आणि जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही बायका गायचो तेव्हा ढोलकी तिची. बाईच्या मांडीवर ढोलकी बघून सुरुवातीला लोक हसले. "हसून झालं की ऐका," एवढंच म्हणाली. गाणं बसवताना आम्हाला सांगायची, "उजवा हात नुसता बोलतो गं. माणसाला उभं करतो तो डावा." डाव्या बाजूचा तो जाड, पोटातून येणारा आवाज, त्यावर तिचा जीव.

अंबडच्या कारखान्यात कामाला लागल्यावर अशोकनं कॅसेटचा डेक आणला, स्पीकरच्या दोन मोठ्या लाकडी खोक्यांसकट. खोकी कपाटावर ठेवली, वायर पुरेना म्हणून तुकडे जोडून वाढवली. निम्मी कॉलनी ऐकायला जमली. सगळे वा वा करत असताना आत्या म्हणाली, "ढोलकीवाल्याचा डावा हात कुठाय?" पोरं हसली. अशोक म्हणाला, "आत्या, तुला जाड आवाज ऐकू येईनासा झालाय. वय झालं आता." तिथंच जयंती मंडळाचे सेक्रेटरी चहा पीत बसले होते. त्यांनी ते वाक्य उचललं आणि पुढच्या बैठकीत ठरवूनच टाकलं, यंदा ढोलकीला दुसरा माणूस. तिला कुणी विचारलं नाही, कान कुणी तपासले नाहीत. एका डेकच्या साक्षीवर बाई बहिरी ठरली.

आत्या गप्प बसणारी नव्हती. तोंडाळ होती, आणि चुकायचीही. आधी तिनं कॅसेटला शिव्या घातल्या, मग खोकी करणाऱ्या सुताराला. खोकी खाली घ्यायला लावली, त्यांच्यावरचं क्रोशाचं कापड ओढून काढलं, त्यांना कोपऱ्यात सरकवलं. फरक जेमतेम. मग म्हणाली, "बालवाडीत दोन पोरं भांडली की मी त्यांना वेगवेगळं बसवते. एकेकट्याला विचारलं की कळतं काय ते." आणि एका खोक्याची वायर काढली. ढोलकी घुमली. ती जोडून दुसऱ्याची काढली, तरी घुमली. दोन्ही जोडली, की डावा हात गायब.

"एकेकटे शहाणे आहेत रे," ती अशोकला म्हणाली. "एकत्र आले की एकमेकांचं तोंड दाबतात."

अशोकनं जोड उघडले. एका खोक्याच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. एकाचा पडदा हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढायचा. सुलट केल्यावर मांडणीवरची ताटं थरथरली. अशोक बराच वेळ वायरीलाच चिकटपट्टी गुंडाळत बसला.

मी तडक सेक्रेटरींकडे गेले. "भाऊ, आत्याचा कान शाबूत आहे, वायर उलटी होती." ते म्हणाले, "ताई, दुसऱ्याच्या नावासकट पत्रिका छापून झाल्या. आता कुठं बदलता?" पत्रिका छापायला यांना वेळ होता, बाईला एक शब्द विचारायला नव्हता.

कार्यक्रमात आत्या पुढच्या रांगेत बसली. "पोरगा बरा वाजवतो," म्हणाली. "त्याच्यावर कशाला राग?" पण त्या मंडपात तिनं पुन्हा ढोलकीला हात लावला नाही. पोरींच्या हळदीला, कुणाच्या बारशाला मात्र ती वाजवायची, आणि गल्ली हलायची.

ती गेली तेव्हा शोकसभेत तेच सेक्रेटरी माईकवर म्हणाले, "ऐकू कमी येत असूनही आत्यांनी..."

मी उभी राहिले. "आत्याला शेवटपर्यंत नीट ऐकू येत होतं."

"ताई, बसा. नंतर बोलू."

मी बसले नाही. माझ्या मागे अशोक उभा राहिला. मग आमच्या गाण्यातल्या बायका उठल्या, एकेक करून. शेवटी ते वाक्य सेक्रेटरींना परत घ्यावं लागलं. माईकवरच, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.